पोरीच्या आंघोळीचा टब

टब तडकला तो नळाच्या दिवशी. आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा घरात पाणी धरू शकेल असं एकही भांडं रिकामं राहू द्यायचं नाही, हा माझा दंडक. ड्रम भरला, गंज भरले, बादल्या भरल्या, कुकरसुद्धा भरला. राहता राहिला नातीच्या आंघोळीचा टब. निळा, प्लास्टिकचा, बाळाची पाठ टेकायला एका बाजूने उतार असलेला. तो मी काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी उचलून न्हाणीच्या उंबऱ्यावरून बाहेर काढायला गेले. भरलेला टब असा उचलत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो पडला तो वजनामुळे नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं सुटली. घसरली असती तर मला कळलं असतं. मी पकडूनच होते आणि बोटं आपली सुटली.

टब उंबऱ्यावर आदळला, पाणी बोळभर झालं आणि टबाच्या बुडाला बोटभर लांबीचा तडा गेला. मुलगी खोलीत बाळाला पाजत होती. तिने तिथूनच विचारलं, "काय पडलं व आई?"

"टब तडकला," मी म्हणाले. "प्लास्टिकच तसलं येते आजकाल."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी फडक्याने पाणी टिपत बसले. टबाच्या जागी पोरगी असती तर? हा विचार एकदा आला आणि मग गेलाच नाही.

हात काही त्या दिवशी बिघडला नव्हता. दिवाळीपासून तो थरथरत होता. आधी अंगठा, मग पूर्ण पंजा. चहाचा कप बशीवर वाजायचा म्हणून मी बशी घेणंच सोडलं. शाळेत तीस वर्षं फळ्यावर सरळ रेघेत लिहिणारा हात, आता त्याने किराण्याच्या यादीत लिहिलेलं 'साखर' कोणी वाचू शकत नव्हतं. धामणगावला माझ्या वडिलांचं असंच उजव्या हातापासून सुरू झालं होतं. शेवटी आई त्यांना घास भरवायची, आणि ते दुसरीकडे पाहून खायचे. हे मला घरात कोणाला सांगायचं नव्हतं. डॉक्टरला तर अजिबात नाही. सांगितलं की खरं होतं.

त्यात मुलगी बाळंतपणाला अमरावतीहून आली. पोरगी वेळेच्या आधी झालेली, एवढीशी. आमच्याकडे लहान बाळाला आजी पायावर घेऊन न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोर पायांवर पालथं, मग उताणं. तेल लावलेलं अंग मासोळीसारखं निसटतं. डाव्या हाताची कपाळावर आड धरायची आणि उजव्या हाताने तांब्यातून बारीक धार सोडायची, म्हणजे पाणी नाकात जात नाही. गल्लीतली निम्मी पोरं मी अशी न्हाऊ घातली आहेत, आणि माझ्या हाताची धार म्हणजे धार असं बाया म्हणायच्या. आता तीच धार मला नको होती. सुदैवाने अमरावतीहून टब आला होता. डॉक्टर टबच सांगतात, जुनं ते सगळंच काही चांगलं नसतं, असं मी मोठ्या तोंडाने सांगत सुटले. मुलीला नवल वाटलं असेल, कारण डॉक्टरांचं मी जन्मात ऐकलेलं नाही. टबात पोरगी उतारावर टेकून राहायची. मला धरावं लागत नव्हतं. डाव्या हाताने चार तांबे पाणी घातलं की झालं.

त्या टबालाच तडा गेला होता.

मी दुकानातून एमसील आणलं, मळलं आणि आतून बाहेरून थापलं. दोन आंघोळी झाल्या. तिसऱ्या वेळी पाणी पोरीच्या पाठीखालून निघून गेलं आणि ती कोरड्या प्लास्टिकवर थंडीने रडायला लागली. मग मी यजमानांच्या मागे लागले.

"नवा आणा," मी म्हणाले.

ते स्कूटर काढून गेले आणि मागे बांधून एक लाल, गोल, अवाढव्य टब घेऊन आले, धुणं भिजवायचा. "याच्यात पोरगी काय, तू बी बसशील," म्हणाले. त्याच्या तळाला उतार नव्हता की काही नव्हतं. त्याच्यात पोरगी नुसती बुडाली असती. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतकी ओरडले की ते चप्पल न काढताच पुन्हा बाहेर गेले.

मुलगी म्हणाली, "आई, कशाला नवा टब? दोन आठवड्यांनी मी अमरावतीले जातो. तिकडे दुसरा आहे. इथं तू आहेस ना. पायावर घे."

"हाच जोडते मी," मी म्हणाले.

"काहून इतकी मागं लागून राहिली त्या टबाच्या?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं तिला कळलं. मी सुरी गॅसवर लाल केली, जुन्या बादलीचा तुकडा त्या सुरीने वितळवून तड्यावर बसवला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. तुकडा बसला खरा. पण वर ओबडधोबड वळ उठला. त्यावर मी धोतराची घडी घातली. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर मुलीला पोरीच्या पाठीवर लाल ओरखडा दिसला. तिने टबात बोट फिरवलं, तो उचलला आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवला.

"उद्यापासून पायावर," ती म्हणाली. "बास झालं आता."

सकाळी मी लवकर आटोपून घेतलं. देवापुढे बसले तेव्हा नमस्काराला जोडलेला हातही थरथरत होता. कंबर धरली म्हणावं, ताप आला म्हणावं, एकेक बहाणा मनात येऊन गेला. पण दुखणं सांगितलं असतं तर मुलीने डॉक्टरच गाठला असता. मी पाटावर बसले. पाय लांब केले. मुलीने तेल लावलेली पोरगी माझ्या पायांवर ठेवली आणि टॉवेल घेऊन समोर उभी राहिली.

पालथी होती तोवर निभलं. मग मी तिला उताणी केली. ती माझ्याकडे टुकुटुकू पाहत होती. डावा हात कपाळावर धरला, उजव्या हाताने तांब्या उचलला, आणि तो पाण्यासकट हलायला लागला. धार तुटली. पाणी कानावर गेलं, मग डोळ्यांत, मग तोंडावर. पोरीला ठसका लागला. तिने अंग ताणलं आणि ती माझ्या पिंढऱ्यांवरून एका बाजूला सरकली. मी गुडघे घट्ट आवळले. तांब्या खाली पडला.

"पोरीले उचल," मी ओरडले. "उचल लवकर!"

मुलीने झडप घालून उचललं. पोरगी खोकली, लालबुंद झाली आणि मग सणसणीत रडली. तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी तशीच ओली पाटावर बसून राहिले. उजवा हात पदराखाली घेतला होता, तिथेही तो हलत होता.

"दाखव," मुलगी म्हणाली.

"काही नाही झालं."

"आई, दाखव."

मी काढला. ती बघत राहिली. कधीपासून, विचारलं नाही. आजोबांना तिने लहानपणी पाहिलं होतं, तिला सांगायची गरज नव्हती.

"टब मीच पाडला," मी म्हणाले. "मले भेव लागते. माह्या हातून पोरगी पडन. मले नको देत जाऊ तिले."

 मुलगी पोरीला टॉवेलात गुंडाळून आत गेली. मला वाटलं, संपलं. आता ही पोरीला माझ्याकडे देणार नाही, आणि देऊ नये हेच बरोबर. माझ्याच तोंडाने मी सांगितलं होतं आणि तरी मला रडू फुटलं.

आतून हाक आली. "आई, लुगडं बदल अन् ये इकडं."

तिने पलंगावरची गादी ओढून खाली जमिनीवर टाकली होती. भिंतीला लोड लावला होता, दोन्ही बाजूंना उशा.

"बस," ती म्हणाली. मी बसले. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. मी ऐकणार नाई. न्हाऊ मी घालीन, तू बाजूले बसून सांग. मले बी भेव लागते, एवढीशी त आहे थे." तिने वाकून पोरगी माझ्यासमोर धरली.

मी हात मागे घेतले. "अवं, नको. पाह्य ना, हात कसा हलून राहिला."

"हलू दे. खाली गादी आहे, कुठं पडते थे? भेव लागते त लागू दे. पोरगी घे."

मी घेतली. ती माझा हात बघायला थांबली नाही. चहा ठेवायला सैपाकघरात निघून गेली.