वाडीची पानं, मनीषनगरचे कडवे

दोन वर्षं मी पुण्यात बसून नागपुरातल्या फुलपाखरांचं गणित करत होते, आणि नागपूर पाहिलेलं नव्हतं. माझी मैत्रीण प्रणिता तिथे बिबळ्या कडवा या फुलपाखरावर संशोधन करते. केशरी पंख, काळी कड, टोकाशी पांढरे ठिपके. कडव्याची मादी अंडी घालते रुईवर, आणि शहरात रुई उरली आहे ती मोकळ्या प्लॉटांवर, बेटांसारखी. एका बेटावरचे कडवे संपतात, दुसऱ्या बेटावरून उडत आलेले ते पुन्हा वसवतात. कोणतं बेट टिकेल हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. त्याच्या मते इतर बेटांपासून लांब असलेलं मनीषनगरचं चार नंबरचं बेट केव्हाच रिकामं व्हायला हवं होतं. ते होत नव्हतं.

ऑक्टोबरात प्रणिताचा फोन आला, सोसायटी सोमवारी चार नंबर साफ करणार. मी शुक्रवारची गाडी पकडली.

शनिवारी सकाळी धरमपेठेत, प्रणिताच्या घराजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा. माझ्यासारखी आधी ओतून मग चव पाहू नका. मग तिच्या स्कूटरवरून अमरावती रोडने, शहराच्या कडेच्या वाडीला. जाणार असाल तर सातच्या आत निघा, नंतर रस्ता ट्रकांचा असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाणी, टोपी. ऑक्टोबरचं ऊन इथे गंमत करत नाही.

गोदामांच्या मागे रुईचं रान आहे. हे आमचं सगळ्यात मोठं बेट. कडव्याचे मिटलेले पंख चिमटीत धरायचे, तो पुढे कोणत्या बेटावर दिसतो ते कळावं म्हणून पेनाने एक ठिपका द्यायचा, सोडायचं. मी हात दोनदा पुसले.

"नवरी नाही येऊन राहिली वं, फुलपाखरू आहे," प्रणिता म्हणाली.

वजन जाणवलं नाही. धडपड जाणवली. ठिपका वाकडा आला.

पलीकडे प्रणिताच्या ओळखीच्या सुमनबाई पोत्यात रुईची पानं भरत होत्या. शनिवारी मारुतीला याच पानांच्या माळा लागतात.

"काय वं पोरींनो, आजही ठिपके देऊन राहिल्या काय?"

"हो मावशी. आमची पानं ठेवा थोडी."

"तुमची? लावली कधी तुम्ही?"

त्या ऑटोत बसून गेल्या. आम्ही अकराला मनीषनगरला पोचलो. मारुतीच्या छोट्या मंदिराला लागून एक प्लॉट, चहूकडे इमारती. सोसायटीचे सचिव काका आमची वाटच पाहत होते.

"मॅडम, त्या झाडाचा चीक पोरांच्या डोळ्यात गेला तर? फुलपाखरं कायम राहणार असतील तर सांगा, ठेवतो. आज आहेत अन् उद्या नाहीत, तर काहून ठेवायचं?"

प्रश्न बरोबर होता. माझ्याकडचं उत्तर 'नाही' होतं.

तेवढ्यात मंदिराच्या पायरीवर सुमनबाई दिसल्या. पुढ्यात माळा.

"इथे विकता तुम्ही?"

"नऊ वर्षं झाली. तुम्ही कुठं विचारलं मले!"

खरं होतं. त्या कोणत्या झाडांची पानं तोडतात याची नोंद प्रणिताच्या वहीत होती. पानं जातात कुठे, हे आम्हा दोघींना विचारावंसं वाटलं नव्हतं. आम्ही आकाशाकडे बघत होतो.

"उतरवलेल्या माळा कुठे टाकतात?"

"मागं. रुईतच. देवाची वस्तू कचऱ्याच्या गाडीत कशी टाकायची?"

मागे गेलो. वाळत्या माळांचा ढीग रुईच्या बुंध्यांना टेकलेला. प्रणिता गुडघ्यांवर बसून पानं उलटू लागली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बारीक सुरवंट सुकल्या पानावरून ताज्या पानावर चढत होता. मग आणखी एक. तिने वही काढली.

"मी तं झटकून घेते माळा," सुमनबाई ओशाळून म्हणाल्या. "सुटले असतील एखादे."

रविवारी काकांना द्यायच्या पत्रावरून आमचं भांडण झालं. प्रणिताला 'कायम राहतील' असं लिहायचं होतं. मी म्हटलं, दोन सुरवंटांवरून असं लिहिता येत नाही. शेवटी लिहिलं: वाडीची पानं इथे येत राहिली आणि माळा रुईतच पडत राहिल्या, तर राहतील असा आमचा अंदाज आहे.

त्याच संध्याकाळी मंदिरापाशी काकांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे सुमनबाई आहेत तोवर फुलपाखरं आहेत?"

"अंदाज आहे, काका."

"रस्त्याकडची रुई तोडू. मंदिराकडची राहू द्या, जाळी लावतो."

पत्रासाठी मुद्दाम आलेल्या सुमनबाई हसल्या. "म्हणजे मले आता सुट्टी नाही!"

सोमवारी दुपारी, मी गाडीत असताना, प्रणिताने फोटो पाठवला: अर्धा प्लॉट उघडा, अर्ध्याला हिरवी जाळी.

पुण्यात परतल्यावर प्रोग्रॅम दुरुस्त केला. वाडी ते मनीषनगर हे अंतर आता उडून कापायचं नाही, सुरवंटांनी पानांवर बसून. आठवड्यातून एकदा, ऑटोने. चार नंबर पहिल्यांदाच पडद्यावर टिकलं. मग सवयीप्रमाणे उलट तपासणी केली, सुमनबाईंचे शनिवार शून्य केले. काही हंगामांतच बेट रिकामं झालं.

नियमाप्रमाणे ही तपासणी पुन्हा पुन्हा चालवायची असते. मी एकदाच चालवली.