ओका-सानच्या बरणीला माझी फोडणी

माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं सांभाळलेली लोणच्याची बरणी मी एका फोडणीत निकालात काढली.

सासूबाई जपानी. (मी नागपूरची! एडमंटनला शिकायला आले आणि त्यांच्या केनच्या प्रेमात पडले.) त्यांना मीही केनसारखं 'ओका-सान' म्हणायचे, म्हणजे आईच. चणीने एवढ्याशा, पण उणे तीसमध्ये आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून वर शेजाऱ्याचाही उपसून यायच्या!

त्यांच्या बेसमेंटमध्ये ती बरणी असायची. आत तांदळाचा ओला, खारवलेला कोंडा. त्यात काकडी पुरली की दुसऱ्या दिवशी लोणचं तयार. तो कोंडा त्यांच्या आईच्या बरणीतला. नवी नवरी म्हणून कॅनडात येताना त्यांनी तो मांडीवर घेऊन आणलेला. (कस्टमवाल्याला काय सांगितलं, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.)

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या वर्षी, २०१७ मध्ये, त्या दोन आठवडे व्हँकुव्हरला मैत्रिणीकडे निघाल्या.

"रोज हात घालून ढवळ. उघड्या हाताने. चमचा नको."

"हो, ओका-सान."

लोणच्यात हात? आमच्या घरी लोणच्यात हात घातला असता, तर आईने तोच हात मोडून ठेवला असता! मी आपला कोरडा चमचा घेतला आणि तोही फक्त वरवर फिरवला. पाचव्या दिवशी वर पांढरी साय! मी नागपूरला फोन लावला.

"आई, लोणच्याला बुरशी आली गं!"

"तेल कमी पडलं असेल. फोडणी कर, गार कर, चार बोटं वर ओत."

"अगं पण जपानी लोणचं आहे!"

"जपानी असो का नागपुरी, बुरशी ती बुरशीच!"

पटलं. मोहरी, हळद, सढळ हाताने हिंग, दोन चमचे तिखट (प्रेमाने!) आणि चार बोटं तेल.

संध्याकाळी केन ओका-सानच्या घरी आला. बेसमेंटमधूनच ओरडला, "यू पुट ऑइल ऑन ग्रँडमा?"

मग कळलं. कोंडा जिवंत असतो म्हणे! ज्याचा हात रोज फिरतो त्याचे जंतू त्यात नांदतात. म्हणजे आजीच्या हातची चव अक्षरशः त्या बरणीत होती आणि मी तिला तिखट लावून तेलात बुडवलं होतं.

ओका-सान आल्या. झाकण उघडलं. मला रडूच फुटलं.

"माफ करा, तुमच्या आईची शेवटची आठवण मी..."

त्यांनी बोट बुडवून चाटलं. "हं. तिखट आहे." मग वरचं सगळं काढून टाकलं. तळाशी जेमतेम मूठभर चांगला कोंडा उरला होता. त्यात नवा कोंडा आणि मीठ घातलं, माझा हात धरला आणि कोपरापर्यंत आत खुपसला.

"ढवळ. आता तुझाही हात लागू दे."

त्यानंतर दर रविवारी मी ढवळायला जायचे. दोन वर्षांनी ओका-सान गेल्या. इतकी मी कुणासाठीच रडले नव्हते. बरणी त्यांनी माझ्या नावाने ठेवली होती. केनच्या नव्हे, माझ्या! झाकणावर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी होती:

"रोज उघड्या हाताने ढवळणे. चिमूटभर हिंग घालणे, चव छान येते. प्रमाण सुनेला विचारू नये."