न प्यालेली कॉफी आणि बावीस इंची चाकं

बिदिया गावात, वाळवंटाच्या तोंडाशी, झहरानकाकांचं टायरचं दुकान आहे. काल गावातल्या तरुण मुसब्बहने आपल्या जीपला बावीस इंची चाकं मागितली आणि काकांनी दिलेला कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला. आमच्यात मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही.

काका भडकले. "अरे शहाण्या, एवढ्या मोठ्या चाकावर रबर बोटभरच उरतं! वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून हवा काढलीस की टायर निसटून गाडी उलटेल. गुमान सतरा इंची घे!"

"काका, पेला तसाच आहे."

"माझ्या भावानेही असाच ठेवला होता. मी लाजेकाजेस्तव हो म्हटलं, आणि महिन्याभरात त्याला पुरून आलो."

काकांनी पेला उचलून वाळूत ओतला.

"तहानलेला जा, पण जिवंत जा!"