लायसन अक्का

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत शिरणाऱ्या प्रत्येकाला दारातच अक्कांचा एक प्रश्न ऐकावा लागे. "लायसन काय हाय ह्याचं?" पेनड्राइव्हमध्ये गेम असो, फाँट असो, मित्राकडून आणलेला प्रोग्राम असो, प्रश्न तोच. एकदा प्राचार्यांनी स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेसाठी इंटरनेटवरून उचललेलं मोराचं चित्र शिपायाकडून प्रयोगशाळेत छापायला पाठवलं. ते त्याच शिपायाच्या हातून परत गेलं, सोबत चिठ्ठी : 'चित्र कोणाचे? परवानगी घेतली आहे का?' प्राचार्य दोन दिवस घुश्शात होते. शेवटी पत्रिकेवर कॉलेजच्या फाटकाजवळच्या गुलमोहराचा फोटो आला. तो अक्कांनीच काढला होता, आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'कोणीही वापरावा.'

तेव्हापासून त्या लायसन अक्का झाल्या. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. "आरटीओत बसल्यासारखं वाटतंय बघ," असं म्हणून त्या हसायच्या.

अक्का प्रयोगशाळा साहाय्यक होत्या. शहराच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी आणि संगणकाशी इंग्रजी, असा त्यांचा तीन भाषांचा संसार. दहावीनंतर टायपिंग शिकून त्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात लागल्या, तिथं पहिला संगणक पाहिला आणि तिथून कॉलेजात आल्या. पदवी नव्हती, त्यामुळं शिकवायचा अधिकार नव्हता. तास चालू असताना त्या मागच्या भिंतीशी स्टुलावर बसून असत. पण सरांनी सांगितलेलं चालेनासं झालं की आख्खा वर्ग मान वळवून मागं बघायचा.

त्या आणखी काय करतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या प्रयोगशाळेतली संगणकप्रणाली कुठल्याही कंपनीची नव्हती. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ती घडवतात. ती कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. तिच्यासाठी एखादा प्रोग्राम नियमांत बसवून, एका आज्ञेसरशी कुठल्याही मशीनवर नीट बसेल असा बांधून द्यायचा, म्हणजे त्याचं पॅकेज करायचं. ते नुसतं करून भागत नाही, पुढं वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. अक्का अशी अकरा पॅकेजं सांभाळत होत्या. कॉलेजात हे कुणालाच माहीत नव्हतं. "विचारलं कुणी?" असं त्या म्हणाल्या असत्या.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती शेवटच्या वर्षाला. मी बार्शीकडच्या खेड्यातली, जुळे सोलापुरात तिघींत एक खोली घेऊन राहणारी. स्वतःचा लॅपटॉप नव्हता, म्हणून प्रयोगशाळा हाच आधार. माझा जोडीदार आमीन आणि मी मिळून अकलूजजवळच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मोबाइल ॲप बनवत होतो. ॲप चाललं छान, पण झालं भलं मोठं. केंद्रावरच्या माणसाकडं जुना, स्वस्तातला फोन. त्यात ते बसेचना.

आमीननं उपाय शोधला. एक साधन होतं, जे तयार प्रोग्राम तपासून त्यातला न लागणारा भाग काढून टाकायचं आणि उरलेल्यातली लांबलचक नावं बदलून 'अ', 'ब' अशी बारकी करून टाकायचं. प्रोग्राम आटायचा, आणि दुसऱ्या कुणी उघडून पाहिला तर त्याला चटकन काही उमगायचं नाही. पण अशी तपासलेली पॅकेजं जिथं ठेवतात त्या प्रणालीच्या स्वतःच्या भांडाराबाहेरचं काही प्रयोगशाळेत घालायचं नाही, हा अक्कांचा नियम. आणि भांडारात हे साधन नव्हतं.

"मग घाल की भांडारात," अक्का मला म्हणाल्या. जसं काही चहात साखर घाल म्हणावं.

आमीनला वेगळीच शंका. "अक्का, आपली प्रणाली सगळी उघडी. तिच्यात हे झाकायचं अवजार कशाला?"

अक्कांनी चष्मा वर सरकवला. "कुलूप कुटं लावायचं ते ज्याचं त्यानं बघावं. पर कुलूप कसं बनतंय, ते सगळ्यांना दिसलं पायजे. ह्या अवजाराचा कोड उघडा हाय ना? मग झालं."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. दोन दिवसांत मी ते बांधलंही आणि ऐटीत त्यांच्यापुढं ठेवलं. अक्कांनी एकेक फाइल उघडायला सुरुवात केली. चौथ्याच मिनिटाला त्यांचं बोट थांबलं. "हे आयतं बनवलेलं कुटनं आलं? ह्याचा सोर्स कुटंय?" मूळ लेखकानं सोयीसाठी एक तयार भाग आत ठेवून दिला होता. तो काढून त्या जागी भांडारातला, सोर्सपासून म्हणजे माणसानं लिहिलेल्या मूळ कोडपासून बांधलेला भाग बसवण्यात माझे तीन आठवडे गेले. मग प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची परवान्याची ओळ वाचून यादी करायची. शेकड्यांनी फाइली. मी म्हटलं, "अक्का, सगळ्या सारख्याच आहेत हो."

"तू वाचल्यास?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

मी वाचल्या, म्हणजे बहुतेक वाचल्या. उदाहरणांच्या फोल्डरमधल्या तेवढ्या सोडून दिल्या. पॅकेज तपासणीला गेलं आणि काही दिवसांनी नाकारलं गेलं. कुठल्या तरी देशातल्या तपासनिसानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. उदाहरणांतल्या दोन फाइलींचा परवाना वेगळा आहे, त्यांचा व्यावसायिक वापर चालत नाही, त्या भांडारात येऊ शकत नाहीत. मी प्रयोगशाळेतच रडायला लागले. आमीन उगाच पंखा कमीजास्त करत राहिला. अक्कांनी पत्र दोनदा वाचलं. "लई बरं झालं. कुणीतरी नीट वाचालंय म्हणायचं."

त्या दोन फाइली काढून टाकता आल्या असत्या. पण नव्या माणसाला ते साधन शिकायला त्याच उपयोगी होत्या. "लेखकाला विचार," अक्का म्हणाल्या. मला घाम फुटला. परदेशातल्या माणसाला, इंग्रजीत, मी? बारावीपर्यंत मराठीत शिकलेली! "अक्का, तुम्हीच लिहा ना."

"काम तुझं हाय. पत्र तूच लिवायचं. इंग्रजी चुकलं तर तो हसंल. हसू दे की. हसून झाल्यावर उत्तर देईल."

मी पाच वाक्यं लिहिली. अक्कांनी एकही दुरुस्त केलं नाही, फक्त शेवटी 'थँक्यू' आहे ना एवढं पाहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. त्या फाइली त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या होत्या. त्याला विचारून त्यानं परवाना बदलून दिला आणि शेवटी लिहिलं, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आजवर मी अनोळखी माणसांना शेकडो पत्रं लिहिली असतील, मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांनाही. भीती वाटली नाही. ती त्या पाच वाक्यांतच संपली.

पॅकेज भांडारात गेलं. ॲप आटलं, केंद्रावरच्या फोनमध्ये बसलं, आम्हाला चांगले गुण मिळाले. पुढं महिन्याभरातच एके सकाळी केंद्रावरून फोटो आला. ॲप बंद पडलं होतं आणि पडद्यावर चूक कुठं झाली ते सांगायच्या जागी नुसतं 'अ, ब, क' दिसत होतं. साधन नावं बदलतं तेव्हा जुन्या-नव्या नावांची एक यादी बनवून देतं. ती मी फालतू समजून पुसून टाकली होती. कोणता 'अ' म्हणजे काय, हे आता सांगणारं कुणी नव्हतं. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी. आमीन तातडीनं एसटीनं अकलूजला गेला. तीन दिवस केंद्रावर सगळं हातानं लिहावं लागलं, आणि त्या तीन दिवसांत मी ओळ न ओळ वाचून चूक शोधली.

अक्का त्या दिवसांत एकदाही रागावल्या नाहीत. चूक सापडली त्या दुपारी डबा उघडून बसल्या होत्या, तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "लग्नात माझं नाव बदललं. तांदळात नवं लिवलं आन् झालं. जुन्या नावानं हाक मारणारं आता कुणी न्हाई राहिलं. म्हणून मी त्ये पॅकेजवर घातलंय." मी जाऊन पाहिलं. अकराही पॅकेजांवर त्यांचं दहावीच्या सर्टिफिकेटावरचं नाव होतं. कॉलेजात तीन वर्षं काढून मला ते माहीत नव्हतं, आणि जगात कुठं कुठं लोक त्यांना त्याच नावानं लिहीत होते.

पुण्यात नोकरी लागल्यावरही पॅकेज सांभाळायला मी आणि अक्का, अशी दोघींची नावं होती. एकदा साधनाची नवी आवृत्ती आली. चाचण्या चालायला फार वेळ लागत होता, म्हणून मी त्या बंद करून पॅकेज पाठवून दिलं. नव्या आवृत्तीत दोष निघाला. लागणारा भागही ते छाटून टाकत होतं. त्याच्यावर अवलंबून असलेले दुसऱ्यांचे प्रोग्राम बिघडायला लागले. एका अनोळखी गृहस्थानं सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं, 'हे ज्यानं पाठवलं त्यानं एकदा तरी चालवून पाहिलं होतं का?' मला वाटलं, आपलं नावच काढून टाकावं आणि पुन्हा तिकडं फिरकू नये. मी अक्कांना फोन लावला.

"खरं बोलालाय की त्यो," त्या म्हणाल्या. "घे लिवायला. पहिल्या ओळीत, चूक माझी. दुसऱ्या ओळीत, कुणाकुणाला तरास होईल. तिसऱ्या ओळीत, दुरुस्ती कवा मिळंल. आन् 'पण' हा शब्द कुटंच नको."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. त्या गृहस्थानं आधी नुसते आभार मानले, आणि पुढच्या वेळेपासून नवी आवृत्ती आली की तोच आधी तपासून द्यायला लागला. ऑफिसात, घरात, नवऱ्याशी भांडण झाल्यावरही मी त्याच तीन ओळींनी सुरुवात करते. जमतंच असं नाही. 'पण' फार जिभेवर येतो.

गेल्या वर्षी प्रणालीच्या जाहीर ईमेल-यादीवर एक सूचना वाचली. अकरा पॅकेजांची नावं आणि खाली, 'मला आता पडदा नीट दिसत नाही. यांना सांभाळणारं कुणी हवं आहे.' खाली अक्कांचं ते जुनं नाव. मी लगेच फोन केला. "अक्का, मला आधी का नाही सांगितलंत?"

"साखरंनं डोळं गेलं म्हण. डॉक्टर म्हणतोय, हाय तेवढं जपा. आन् तुला आधी सांगितलं असतं तर तू भिडंनं घेतलं असतंस. यादीवर सगळ्यांना सारखं."

पुढच्या रविवारी मी सोलापूर गाठलं. अक्का निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात कुठली वस्तू कुठं आहे हे हातानं चाचपून त्या भराभर फिरत होत्या. मी म्हटलं, सगळी अकरा मी घेते. त्यांनी मान हलवली. "एकीनं सगळं घेतलं की एक दिवस सगळं एकदम पडतंय. तू चार घे. बाकीच्याला माणसं आल्यात." मग त्या चारांबद्दल त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, अगदी परक्या उमेदवाराला विचारावेत तसे. दोन उत्तरं चुकली. ती त्यांनी पुन्हा वाचून यायला लावली.

शेवटी, या अकरांखेरीज आम्ही दोघी सांभाळत होतो त्या साधनाच्या पॅकेजमधून त्यांचं नाव काढायची वेळ आली. मी म्हटलं, "असू दे ना अक्का. नावानं काय बिघडतंय?"

"कुणी अडलं तर त्या नावाला पत्र लिवणार. मी उत्तर देणार न्हाई. मग त्ये नाव तितं खोटं झालं की नाही?"

मी ती ओळ पुसली. माझं एकटीचं नाव राहिलं. पाठवण्याआधी त्या म्हणाल्या, "नोंदी वाच." पॅकेजच्या आजवरच्या बदलांच्या नोंदी. त्या कधीच पुसल्या जात नाहीत. मी खालून, अगदी पहिल्या नोंदीपासून वाचत वर आले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझी चुकलेली आवृत्ती आली तेव्हा गालात हसल्या. त्यापुढं त्यांचीच एक छोटीशी नोंद होती, मदतीच्या पानातलं शुद्धलेखन सुधारल्याची. तिथं त्यांनी हात वर केला.

"तारीख वाच."

मी वाचली.

"त्या दिवशी सकाळी हे गेले. संध्याकाळी घरात माणसंच माणसं. मला काय करावं कळंना, म्हणून एवढं केलं." मग त्यांनी विचारलं, "चुकलं न्हाई ना काई त्यात?"

मी पुन्हा नीट पाहिलं. अक्षर न् अक्षर. "नाही अक्का. काहीच चुकलं नाही."

"मग पाठव."

मी पाठवलं. थोड्या वेळानं पोच आली. आजवर ती दोघींना येत असे. या वेळी ती माझ्या एकटीच्याच पत्त्यावर आली, आणि मी ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.