दुसऱ्या बाजूने पाहणारे अण्णा

समोरचा माणूस फार ठामपणे बोलू लागला की अण्णा दोन्ही हातांच्या तर्जन्या उचलायचे. एक डावीकडून, एक उजवीकडून, तिरप्या आणत नाकासमोर टोकाला टोक भिडवायचे आणि म्हणायचे, "स्वल्प थांबा. दुसऱ्या बाजूनं बघितलासा काय?" स्वल्प म्हणजे जरासं, हे बंगळुरात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळतं. अण्णांसमोर किती वेळा थांबावं लागतं, ते मात्र राहिल्यावरच कळायचं.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल, ज्याच्यासमोर बाता मारायची सोय नसते. आमच्या जे. पी. नगरच्या सोसायटीत ते अण्णा होते. मूळचे निपाणीकडचे, मराठी आणि कानडी दोन्ही घरातल्या. नोकरी सगळी सरकारी प्रयोगशाळेत, रडारवर गेली. शत्रूचं क्षेपणास्त्र आपल्याकडे यायला निघालं तर ते वाटेतच कसं पाडायचं, यावर खपणाऱ्या मोठ्या चमूतले ते एक. निवृत्त झाले आणि पाठोपाठ बायकोला अर्धांगवायू झाला. वहिनी तेव्हापासून अंथरुणावरच. माझं दार त्यांच्या दारासमोर, तिसऱ्या मजल्यावर. मी बोम्मसंद्र्याच्या औषधांच्या कारखान्यात माल तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. आमचं जमायला तेवढं पुरलं.

त्यांची ती दोन बोटांची सवय कामातून आलेली होती. आकाशात पळणारा ठिपका एका रडारने दाखवला म्हणून त्यावर विसंबायचं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या रडारलाही तो तिथेच दिसला तर पुढचं बोलायचं. प्रयोगशाळेत ठीक आहे हो, पण अण्णा हा नियम भाजीच्या गाडीवरसुद्धा लावायचे. टोमॅटो दोन्ही बाजूंनी फिरवून बघायचे आणि भाजीवाला कपाळाला हात लावायचा.

एकदा सेक्रेटरींच्या नव्या गाडीवर ओरखडा उठला. हे ठाण्याहून आलेले गृहस्थ, आवाज मोठा आणि इस्त्री कडक. फाटकाजवळच्या कॅमेऱ्यात वॉचमनची सायकल गाडीला घासून जाताना दिसत होती. सेक्रेटरी त्याला कामावरून काढायला निघाले. अण्णा खडू आणि सुतळी घेऊन खाली आले, फरशीवर रेघा मारल्या आणि जिन्यापाशी असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. त्यात सायकल आणि गाडी यांच्यामध्ये चांगलं हातभर अंतर होतं. चित्रण थोडं मागे नेलं तर सेक्रेटरी स्वतःच गाडी मागे घेताना खांबाला घासत होते. सगळे इतके हसले, की वॉचमनलाही तोंड फिरवून हसावं लागलं. सेक्रेटरी हसले नाहीत.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "अण्णा, यात एवढं अवघड काय आहे? गोळीनं गोळी उडवायची, एवढंच ना?"

"एवढंच की," असं म्हणत ते ओट्याशी वळले. वहिनींसाठी दूध तापत होतं. "गोळी समोरासमोर सुटलेली, सेकंदाला काही किलोमीटर पळतेय. त्यात तिथं उंचावर हवा नाही. हवा नसली की खरा बॉम्ब आणि नुसता चंदेरी फुगा बरोबरीनं पळतात. शत्रू फुगे मुद्दाम सोडतोय बगा. रडारला दिसतात ते सगळे ठिपकेच. खाली हवेत शिरले की फुगा मागं पडतोय, मग खरं कोण ते कळतंय. पण तोवर आपल्याजवळ वेळ किती उरतोय?" त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. साय वर उचलायला लागली होती. "हे उतू जायच्या आत सगळं." आणि त्यांनी गॅस बंद केला.

मग सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर आगीचे लोळ, आणि निवेदक असे ओरडत होते की जणू बटण त्यांच्याच टेबलाखाली आहे. आमच्या सोसायटीलाही देशप्रेमाची उबळ आली. अण्णांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, डोक्यावर घालायला म्हैसुरी पेटा, सगळं आणलं. आदल्या दिवशी सेक्रेटरी माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "अण्णा, जरा पॉझिटिव्ह बोला हं. आपल्यावर एकही मिसाइल पडू शकत नाही, एवढंच सांगा. लोकांना धीर येईल."

"सांगतो की. पण आपलं तळघर मोकळं करूया. मोडकं फर्निचर भरलंय तिथं."

"तळघर कशाला? लोक उगाच पॅनिक होतील. फ्लॅटला गिऱ्हाईक यायचं नाही."

अण्णांनी बोटं उचलली, पण सेक्रेटरी तोवर लिफ्टमध्ये शिरले होते.

सभेत अण्णा उभे राहिले. पेटा थोडा मोठा झाला होता, सारखा कपाळावर येत होता. ते म्हणाले, "आपल्या माणसांनी हे काम करून दाखवलंय. मी तिथं होतो, मला अभिमान आहे. पण चाचणीत क्षेपणास्त्र कधी सुटणार, कुठून येणार, हे आपल्याला ठाऊक असतंय. शत्रू विचारून सोडत नाही. एकदम पुष्कळ आली तर सगळीच अडवता येत नाहीत, जगात कुणालाच येत नाहीत. म्हणून अडवणारे अडवतील, आपण आपलं तळघर मोकळं ठेवूया. म्हातारी माणसं, आजारी माणसं आधी खाली न्यायची, कुणी कुणाला न्यायचं ते आजच ठरवूया."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग इतकी वर्षं पगार कशाचा घेतलात?" काहीजण हसले. शाल टेबलावर घडीतच राहिली.

अण्णा घरी पोचायच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्रफीत आली होती. त्यात फक्त एक वाक्य ठेवलं होतं: "सगळीच अडवता येत नाहीत." आधीचा अभिमान कापलेला, पुढचं तळघर कापलेलं. खाली लिहिलं होतं, आपल्याच सोसायटीत शत्रूची भाषा. जिन्यापाशी बसून त्यांच्याकडून फुकट गणित शिकलेल्या पोरांच्या आईबापांनी त्यावर अंगठे उठवले. एकानेही दार वाजवून विचारलं नाही की अण्णा, पुढे काय म्हणालात? दोन कॅमेऱ्यांचा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगणारी हीच माणसं. मला आजही ते आठवलं की डोकं फिरतं, आणि ते शांत करावं असं मला मुळीच वाटत नाही.

मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. "तुम्ही गप्प का? मी स्वतः अख्खं भाषण रेकॉर्ड केलंय, टाकते ग्रुपवर."

ते वहिनींच्या पायाला तेल चोळत होते. "टाका की. पण त्यांच्या बाजूनंही बघा. भ्यालेत हो ते. भ्यालेल्या माणसाला एकच ठिपका दिसतोय."

"मला नाही बघायची त्यांची बाजू!"

"स्वल्प थांबा," असं म्हणून ते हसले. वहिनीही अर्ध्या ओठांनी हसल्या. मी भाषण टाकलं. सात मिनिटांचं होतं, कुणी उघडलं नसावं. दुसऱ्या दिवसापासून बाकावर अण्णा येऊन बसले की बाक रिकामा होऊ लागला. ते मग बसेनासेच झाले.

सकाळी मी कारखान्याच्या बसला निघायची तेव्हा कधीकधी ते जिन्याने वर येताना दिसायचे. एकदा त्यांच्या केसांत कोळिष्टक होतं. "कुठे गेला होतात?" तर म्हणाले, "खाली." कमी बोलायचे ते दिवस होते, मी खोदून विचारलं नाही.

पुढे एका संध्याकाळी शहरात सरावाचा भोंगा वाजणार असं जाहीर झालं. सरावच होता, पण तो आवाज खरोखर सुरू झाला तेव्हा ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लिफ्ट बंद. आम्ही सगळे जिन्याने तळघराकडे धावलो. तिथे मोडकी कपाटं भिंतीपर्यंत सारलेली, मधली जागा झाडून पुसून घेतलेली. सतरंज्या, पाण्याचे कॅन, बॅटरी. आणि कोपऱ्यात हातांची एक खुर्ची, पाठीला उशी बांधलेली. ती अण्णांच्या गॅलरीतली होती. सेक्रेटरींच्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. वॉचमनने त्यांना नेऊन त्या खुर्चीत बसवलं. "अण्णा सार आणि मी केलं, रोज सकाळी," तो मला हळूच म्हणाला.

तळघरात सगळी सोसायटी होती. अण्णा नव्हते. वहिनींना तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवणं त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं आणि कुणी कुणाला न्यायचं ते तर ठरवलंच नव्हतं. मीही धावले होते ती सगळ्यांबरोबर. मी वर पळाले. ते वहिनींचा हात धरून पलंगाच्या कडेला बसले होते.

"सगळी उतरली काय खाली?"

"सगळी."

"तुम्ही मोजलासा. आणखी कुणी मोजली काय?"

मी दुसऱ्या बाजूला बसले आणि वहिनींचा दुसरा हात धरला. भोंगा थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

रात्री ग्रुपवर सेक्रेटरींनी तळघराचा फोटो टाकला. कमिटीच्या तत्पर नियोजनाबद्दल अभिनंदनांचा पाऊस पडला. मी लिहिलं, हे अण्णांनी केलं आहे. थोड्या वेळाने पाहिलं तर माझा संदेश पुसलेला होता. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला गेला. मग मला ग्रुपमधूनच काढलं.

अण्णा आता येलहंक्याला लेकीकडे राहतात. तिचं घर तळमजल्यावर आहे, वहिनींना चाकाच्या खुर्चीतून अंगणात नेता येतं. जाताना त्यांनी सगळं सामान नेलं, तळघरातली खुर्ची तेवढी राहू दिली. "म्हातारीला लागेल," म्हणाले.

सीमा शांत झाली तसं तळघर पुन्हा भरायला लागलं. त्या खुर्चीवर गणपतीच्या मांडवाचे बांबू, रंगाचे डबे, कुणाची तरी मोडकी सायकल असं काय काय येऊन पडतं. दर रविवारी मी आणि वॉचमन खाली जातो, ते उतरवतो आणि उशी झटकून ठेवतो. परवा सेक्रेटरींची आई जिन्यात भेटली आणि म्हणाली, "कमिटीनं खुर्ची मात्र छान ठेवली आहे हो." मी तिथेच थांबले, दोन्ही तर्जन्या उचलल्या, आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.