पत्रकावर नसलेलं आठवं नाव

कागदावर जे छापलेलंच नाही, ते तुमच्या मोबाइलने वाचून दाखवलं तर तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल — कागदावर, मोबाइलवर, की ज्यांनी तो कागद छापला त्या माणसांवर?

आधीच सांगते, भूत-प्रेत, साक्षात्कार वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं तर त्या बाईला पाणी पाजून डॉक्टरकडे नेणारं आमचं घर. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरून. पप्पा पत्रकं लिहायचे आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचे. त्यामुळे पुढचं लिहिताना मला भीती वाटत नाही... राग येतो. तो लपवणार नाही.

आमची वस्ती तुर्भ्याला, खदानीच्या बाजूच्या उतारावर. मी वाशीला एका ऑफिसात नोकरी करते, पण वस्तीत माझी ओळख 'ॲपवाली ताई'. फॉर्मसाठी फोटो पन्नास केबीत बसवायचा, दोन पीडीएफ जोडायच्या, मार्कशीट स्कॅन करायची — लोक माझ्याकडे येतात. फुकटचं आणि जाहिराती न दाखवणारं ॲप कुठलं, हे मला तोंडपाठ आहे.

यंदा वस्तीच्या अभ्यासिकेबाहेर ग्रॅनाइटचा फलक लावायचं ठरलं. टँकरच्या काळात लढून पहिला नळ आणला त्या समितीची नावं त्यावर कोरायची. पण नावांचा लेखी पुरावा एकच उरला होता — पप्पांनी लिहिलेलं, सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई दाबून काढलेलं एक पिवळं पत्रक. ते स्कॅन करून नावं शुक्रवारपर्यंत दगड कोरणाऱ्याला पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी दहा-साडेदहाला, खिडकीच्या उजेडात, मी पत्रकाचा फोटो काढला. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारी ॲप्स तुम्हाला माहीत असतील. मराठीत ती भोंगळ कारभार करतात. 'पाण्याचा' चं 'पाण्याचवा' झालं, 'गायकवाड' चं 'गाथकवाद'. हे नेहमीचंच. मी दुरुस्त करत खाली आले.

पत्रकावर सात नावं होती. सगळी पुरुषांची.

मोबाइलवर आठ आली. आणि आठवं एकदम स्वच्छ — एका काना-मात्रेची चूक नाही.

८. धुरपताबाई हिवराळे.

मी कागद पाहिला. सातव्या नावाखाली बोटभर कोरी जागा, बस्स. ॲपने त्याच कोऱ्या जागेभोवती निळी चौकट काढली होती. मी कागद ट्यूबलाइटसमोर धरला, तिरका केला, भिंगाखाली घातला. काही नाही. पुन्हा स्कॅन केला — आठ. इंटरनेट बंद करून दुसऱ्या ॲपवर — आठ. सोमवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, वेबसाइटवरच्या टूलमध्ये — आठच.

तुम्ही म्हणाल, एआय मनाने काहीही जोडतं. मान्य. पण ते मनाने जोडतं ते सगळीकडे दिसणारं, सोपं. माझ्या मोबाइलमध्ये, मेलमध्ये, आख्ख्या वस्तीत हिवराळे आडनावाचं कुणी नव्हतं. हे नाव मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"धुरपताबाई हिवराळे कोण गं?"

"अगं, आक्का की! तुझी आत्या. तुला बरं आज तिचं सासरचं नाव आठवलं?"

मला आठवलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. घरात, वस्तीत, माझ्या मोबाइलमध्ये — सगळीकडे ती 'आक्का'. पप्पांची मोठी बहीण. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर जालन्याहून भावाकडे आली, वीस वर्षं एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा निवडला, मग गुडघे गेले तशी गावी परतली. टँकरवाल्याची चावी काढून घेऊन बायकांना रस्त्यावर बसवणारी तीच, हे आई सांगत होती. मला हेही कुणी सांगितलं नव्हतं.

पप्पा आले तसा मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत वाचलं.

"हे कुठून आलं?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"स्टेन्सिलवर होतं हे नाव. मीच टाइप करून घेतलं होतं."

"मग?"

"समितीतले म्हणाले, नवऱ्यानं सोडलेली बाई. तिचं नाव आलं तर लोक नळाचं बोलायचे नाहीत, तिचंच बोलतील. म्हणून... स्टेन्सिलवर खोडायचं लाल लिक्विड असतं. ते लावलं की त्या अक्षरातनं शाई जात नाही."

"कुणी लावलं?"

"मी."

म्हणजे शाई कागदापर्यंत पोचलीच नव्हती. स्टेन्सिल पप्पांनी नंतर जाळली होती. तरी मोबाइल ते नाव वाचत होता.

पण खरं सांगू? मला त्या क्षणी मोबाइलचं काही वाटलं नाही. ज्या माणसाने मला 'स्त्री-पुरुष समता' हे शब्द जोडाक्षरांसकट गिरवायला लावले, त्याने सख्ख्या बहिणीच्या नावावर लिक्विड फासलं होतं. आणि तेही तिने मिळवलेलं पाणी पिऊन.

बुधवारी वस्तीच्या आताच्या समितीची मीटिंग झाली. मी आठवं नाव कोरायची मागणी केली. अध्यक्ष रमेशकाका हसले.

"पोरी, कागदावर नाय ते दगडावर कसं येनार? लेखी पुरावा दाखव."

"पप्पांना विचारा. समोर बसलेत."

सगळ्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं.

"झालं तर," काका म्हणाले. "आता ॲपवाल्या ताई भूत पन डाउनलोड करायला लागल्या."

सगळे हसले. शुक्रवारी सातच नावं गेली. मी पाठवली नाहीत, दुसऱ्याने पाठवली.

फलक लागला त्या सकाळी मी गेले होते. चकचकीत काळा दगड, सात सोनेरी ओळी. मी मोबाइल काढणार, इतक्यात काकांनीच स्वतःचा नवा कोरा मोबाइल पुढे केला. "ये, माझ्यावर कर. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे." ॲप त्यांनीच उघडलं, फोटो त्यांनीच काढला. ह्या दगडावर कधी कुणाचं नाव खोडलेलं नव्हतं. खालचा भाग तर आरशासारखा, त्यात आमचेच पाय दिसत होते.

काकांचा अंगठा स्क्रीनवर वर-खाली झाला. मग थांबला. मी वाकून पाहिलं.

आठ.

"व्हायरस हाय," ते म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. पप्पा शेजारीच उभे होते. त्यांनीही वाचलं होतं. ते फलकाकडे नाही, दुसरीकडेच बघत राहिले.

त्याच दुपारी मी आक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फलक, सात नावं, लाल लिक्विड. कुणी लावलं तेही सांगितलं. लपवाछपवी आमच्या घरात पुष्कळ झाली होती.



"आक्का? ऐकतेयस ना?"

"ऐकायलेय माय. त्या पत्रकाची खळ मीच शिजवली व्हती. पिठाची. साऱ्या वस्तीत भिंतीवर मीच चिकटवली."

"तुला कळलं नाही?"

"मला कुठं वाचता येतंय? तुझ्या बापानं, सुदामानं, एवढंच सांगितलं व्हतं, आक्का, समद्यात खाली तुझं नाव हाय. म्हनून मी खाली बोट ठिवून लोकांला दावायची — हे बगा, हे मी." ती थांबली. "लोक हसायची. मला वाटायचं, आनंदानं हसत्यात."

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मोबाइल ते नाव का वाचतो, मला माहीत नाही. ह्यातलं कळणाऱ्या दोन मित्रांना स्कॅन पाठवले. एक म्हणाला कॅशे, म्हणजे मोबाइलमध्ये साठून राहिलेला जुना मजकूर; दुसरा म्हणाला योगायोग. ॲप अनइन्स्टॉल केलं, मोबाइल रीसेट केला, तरी आठच येतात. दुसऱ्या कुठल्याही कागदावर हे होत नाही. मी अजूनही भुतं मानत नाही. एवढंच म्हणते, की ह्या सगळ्या प्रकरणात खोटं बोलली नाही ती एकच गोष्ट, आणि ती माणूस नव्हती.

तुमच्याकडे एक मागणी आहे. खुलासे पाठवू नका, माझ्याकडे भरपूर जमलेत. तुमच्या घरात, वस्तीत, युनियनच्या कपाटात जुनी पत्रकं असतील. त्यातलं एक काढा. त्या लढ्यात असलेली, पण वाचता न येणारी एखादी बाई अजून हयात असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा आणि ते पत्रक तिला मोठ्याने वाचून दाखवा. अगदी खालच्या नावापर्यंत. ह्याच आठवड्यात.