दाजींचा छावणीतला वाफा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा जितका हेवा मी केला, तितका जगात कुणी कुणाचा केला नसेल. आणि ज्याचा हेवा करावा, त्याला त्याचा पत्ताच नसावा, असा माणूसही दुसरा नसेल.

दाजी फौजेत होते. आफ्रिकेतल्या एका देशात यादवी पेटली, तेव्हा शांतिसेनेबरोबर वर्षभर तिकडे राहिले आणि परतले ते छावणी अंगावर घेऊनच. आमच्या नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येसुद्धा ते बूट घालण्याआधी उलटा करून तीनदा आपटतात, कारण तिकडे बुटातून विंचू निघायचे. खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. कुठेही बसले तरी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. एका लग्नाच्या पंगतीत या हट्टापायी त्यांनी नवरदेवाच्या मामाला भरल्या ताटावरून उठवलं. दिवाळीत फटाका वाजून सगळे दचकले की हे चहाचा घोट घेत सांगणार, "दीड किलोमीटर. आपल्यासाठी नाय." युद्धाबद्दल विचारावं तर डबाबंद मटारांबद्दल बोलतात. लढणाऱ्या दोन्ही बाजूंचे लोक छावणीच्या एकाच फाटकावर औषधाला यायचे, म्हणून त्यांना वार नेमून दिले होते. एकदा वारांचा घोळ झाला आणि दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर, बंदुका मांडीवर ठेवून, डोकेदुखीच्या गोळीची वाट बघत बसली म्हणे.

या सगळ्याला मी मनापासून हसलो असतो. पण मध्ये आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, होते.

जाताना दाजींनी आण्णांकडून कांद्याचं बी नेलं, मोज्यात लपवून. वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड त्यांनी वाफा केला आणि रोज संध्याकाळी गावी, देवळ्याला, आण्णांना फोन सुरू झाला. "आण्णा, रोप पिवळं पडतंय." "पाणी लय होतंय जावईबापू. हात आखडा." मी समोर बसलेला असायचो आणि आण्णा मध्येमध्ये खोकत, हवेत बोटांनी ओळी आखून फोनला दाखवायचे. कॉलेजात ग्रंथपालकी करता करता मी पीएच.डी. मिळवली, ते सांगायला खास गेलो. "बरं झालं," आण्णा म्हणाले आणि त्याच श्वासात, "तिकडं कांद्यावर करपा रोग पडलाय रे." चार महिन्यांनी तिकडे कांदा निघाला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मलाही एक दिला.

आण्णा जाऊन आता दोन महिने होतील. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि ओट्यावर दाजी नि मी दोघेच उरलो. इतकी वर्षं गिळलेला प्रश्न त्या दिवशी तोंडातून निघालाच.

"दाजी, तुमच्या घरी तर आजोबांपासून कांदा. तुम्हाला लावता येत नव्हता?"

"येत होता की, सर."

"मग रोज आण्णांना काय विचारायचात?"

 दाजी म्हणाले, "बाहेर फायरिंग चालू असायचं. आईला फोन लावला तर ती रडायची. तुमची ताई बी रडायची. आण्णा तेवढे विचारायचे, पाणी कधी दिलं? मग वाटायचं, कांदा निघेपर्यंत तरी आपण हाय."

"आण्णांना माहीत होतं हे?"

"म्हातारा लय हुशार. एकदा म्हणाले, जावईबापू, तुम्हाला सगळं येतंय. तरी विचारत जा, मला बरं वाटतं."

मला तर काहीच येत नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. हेवा त्या क्षणी गेला असं म्हणणार नाही. उलट आतून कळ आल्यासारखा वर आला. आमच्या बापाच्या रोजच्या संध्याकाळी या माणसाकडे होत्या. माझ्याकडे एक पेढा.

"दाजी, ते काय काय सांगायचे, ते मला सांगाल?"

"सगळं?"

"सगळं. पहिल्या दिवसापासून."

ते ताठ बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले, "आधी माती मुठीत घेऊन बघा, म्हणाले…" आवाज दाजींचाच होता. पण वाक्याच्या मध्येच ते थांबायचे, आण्णांना खोकला यायचा तेवढा वेळ, आणि मग पुढे सांगायचे.